विदर्भात तुरळक ठिकाणी

नागपुरात मार्च ते जून या काळात माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, तापमान विचारतात. सक्करदरा चौकात ऊन उतरलं आणि पानठेल्यावर चार डोकी जमली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो.

“काय भाऊ, आज कितीवर गेलं?”

“पंचेचाळीस पॉइंट दोन.”

“अन् चंद्रपूर?”

“सेहेचाळीस.”

यावर सगळे गप्प. मग कोणीतरी गावाची अब्रू सावरायला पुढे येतो. “त्यायच्याकडे कोळसा आहे ना राजेहो! थर्मल आहे. आपलं तर निव्वळ ऊन आहे!” म्हणजे आमचे पंचेचाळीस निर्भेळ, चंद्रपूरचे सेहेचाळीस भेसळीचे. त्यात ब्रह्मपुरी किंवा अकोल्याने डोकं वर काढलं, तर चर्चा जेवणाच्या वेळेपर्यंत लांबते. ज्या उन्हामुळे आपण दिवसभर घरात कोंडून पडलो, त्या उन्हात आपल्या गावाचा पहिला नंबर यावा, ही इच्छा इतर कुठल्या शहरात असेल असं वाटत नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला, तेव्हा लोकांनी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना स्वतःच्या पैशाने फोन करून कळवलं होतं. आवाजात तक्रार फारशी नव्हती.

हवामानावर इतका जीव असलेल्या गावाला दूरदर्शनने हवामान किती द्यावं? बातम्यांच्या शेवटचं अर्धं मिनिट.

आधी देश, मग विदेश, मग खेळ आणि सगळ्यांच्या ताटांतला वरणभात संपत आला की हवामान. आमच्या घरी आधीच्या साऱ्या बातम्यांकडे ही हवामानाची प्रस्तावना म्हणूनच पाहिलं जायचं. पंतप्रधान कुठल्या देशाच्या दौऱ्यावर गेले याच्याशी सक्करदऱ्याचा थेट संबंध नव्हता. हवामान सुरू झालं की बाबा हात वर करायचे. हात वर म्हणजे घरात पातेलंसुद्धा पडता कामा नये. कारण ते वाक्य एकदाच यायचं. हुकलं की चोवीस तास अंधार. मागे नेऊन पुन्हा पाहायची सोय तेव्हा फक्त शेजाऱ्यांकडे असायची. खिडकीतून विचारायचं, “काका, विदर्भाचं काय म्हणाले हो?” आणि काका म्हणायचे, “आमच्याकडेही त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली.”

पडद्यावर एक तक्ता यायचा. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास. पुढे कमाल, किमान. नागपूर त्यात कधी असे, कधी नसे. असलं की घरात विश्वचषक जिंकल्याची भावना. मग यायचं उपग्रहाने घेतलेलं छायाचित्र. १९८२ च्या १५ ऑगस्टला देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. पण ढग तेव्हाही काळेपांढरेच राहिले. त्याच वर्षी सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला आणि १९८३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी वर गेला. त्या एकाच उपग्रहावर दूरदर्शनही होतं, टेलिफोनही होता आणि ढगांचे फोटो काढणारा कॅमेराही. ‘हम लोग’ आणि कमी दाबाचा पट्टा ही दोन्ही खाती एकाच साहेबाकडे. त्यामुळे मालिकेत कोणी रडलं की बाहेर पाणी येतं, हे आमच्या आजीचं निरीक्षण अगदीच निराधार नव्हतं.

छायाचित्र दिसलं की बाबा उठून पडद्याजवळ जायचे आणि “आपण इथे” म्हणून काचेवर बोट ठेवायचे. वीस इंची पडद्यावरच्या भारतात त्या बोटाखाली नागपूरपासून बैतूलपर्यंतचा सगळा मुलूख झाकला जाई. बोट काढेपर्यंत चित्र गेलेलं असे. आपल्यावर ढग आहे की नाही, हे आम्हाला एकदाही दिसलं नाही. बाबांना मात्र ते बोटाला जाणवत असावं, कारण जागेवर येऊन ते ठामपणे सांगायचे, “आहे. पण पातळ आहे.”

आणि मग ते वाक्य. विदर्भात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.

पुढे मुंबईहून मराठी बातम्या इथवर पोचू लागल्या, तेव्हा हेच वाक्य प्रदीप भिडे यांच्या आवाजात ऐकायला मिळालं. त्या आवाजात ते अधिक खरं वाटायचं. मुंबईचं तापमान सांगताना कुलाबा वेगळं आणि सांताक्रूझ वेगळं. कुलाब्याला तीस पॉइंट दोन, सांताक्रूझला तीस पॉइंट आठ. एका शहराला दोन-दोन आकडे आणि बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या विदर्भाला मिळून एक ‘तुरळक’. वेगळ्या विदर्भाच्या मागणीची कारणं अभ्यासकांनी बरीच दिली आहेत. हे एक कसं सुटलं कळत नाही.

गंमत म्हणजे हे ‘तुरळक’ वाटतं तितकं ढिलं नाही. हवामान खात्याचं त्यामागे काटेकोर गणित आहे. एखाद्या विभागातल्या एकूण केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस पडणार असेल तर तुरळक ठिकाणी, पाव ते निम्म्या केंद्रांवर असेल तर काही ठिकाणी, त्याहून अधिक, पाऊण हिश्शापर्यंत असेल तर बऱ्याच ठिकाणी आणि पाऊण हिश्शाच्याही वर गेला तर बहुतांश ठिकाणी. म्हणजे वाक्य अगदी मोजून-मापून केलेलं. फक्त त्या पाव हिश्शात सक्करदरा आहे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आणि ठरवायचो आम्ही. अर्ध्या मिनिटाच्या त्या वाक्यावर रात्रभर काम चालायचं. विशेषतः एप्रिल-मेमध्ये, कारण तेव्हा घरात कुरडया असायच्या. कुरडईचं वेळापत्रक कडक असतं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, शिजवायचा आणि गरम असतानाच साच्यातून गच्चीवर पसरलेल्या कापडावर पाडायचा. त्यानंतर दोन दिवस कडकडीत ऊन हवं. म्हणजे आजी ज्या दिवशी गहू भिजत घालायची, त्या दिवशी ती पुढच्या पाच-सहा दिवसांचा अंदाज वर्तवून मोकळी झालेली असे. दिल्लीला तेव्हा उद्याचं सांगताना घाम फुटत होता. आजीकडे इन्सॅट नव्हता. तिच्याकडे डावा गुडघा होता.

गुडघा आणि दूरदर्शन यांच्यात मतभेद झाले की मोहल्ल्याची बैठक बसायची. समोरच्या काकू यायच्या, त्यांचे सरगुंडे वाळायचे असत. मागच्या गल्लीतल्या मावशी यायच्या, त्यांच्या मूगवड्या अर्ध्यावर असत.

“टीव्हीत सांगतलं ना बाई, तुरळक म्हणून.”

“तुरळक म्हणजे तिकडे गोंदियाकडे. आपल्याकडे काहून येईन?”

“मागच्या वर्षी अशीच म्हणाली होती तू. माझ्या दोन पायल्या गव्हाच्या कुरडया वाहून गेल्या.”

“त्या वाहून नाही गेल्या. तुह्या सासूनं लवकर उचलल्या नाहीत.”

चर्चा हवामानावरून सासूवर आली की अंदाज पक्का झाला, असं समजायचं.

नऊ दिवसांचा नवतपा हा वेगळाच अध्याय. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला, म्हणजे साधारण २५ मेपासून, नऊ दिवस ऊन कसं तापतं यावर पुढचा पाऊस ठरतो, असा इकडचा पक्का समज. नवतपा तापला तर पाणी चांगलं. तापला नाही तर शेतकरी काळजीत. त्यामुळे त्या नऊ दिवसांत नागपूरकर उकाड्याने हैराण होतो आणि उकाडा कमी झाला की त्याहून जास्त हैराण होतो.

पावसाचं खरं यंत्र मात्र खिडकीत बसवलेलं असायचं. कूलर. होळी झाली की तो माळ्यावरून उतरायचा, त्याला नवी खस लागायची, पंप कुरकुरायचा आणि पहिल्या दिवशी सगळ्या घराला ओल्या गवताचा वास यायचा. कूलर चालतो तो पाण्याच्या वाफेवर. हवा कोरडी असेल तितकं पाणी ती पिते आणि तितकी थंड होते. जूनच्या सुरुवातीला एके दिवशी तोच कूलर थंड वाऱ्याऐवजी चिकट वारा फेकू लागतो, अंथरुणं दमट होतात, पापड मऊ पडतात. म्हणजे बंगालच्या उपसागरावरची वाफ इथवर आली, हवेला आता पाणी नको आहे. “कूलर बंद करा, पाणी येऊन राह्यलं,” हे आमच्याकडचं मान्सूनचं अधिकृत आगमन. केरळातलं आगमन ही त्याची फक्त कुणकुण.

आणि इथेच दूरदर्शनचा आणि आमचा मूळ घोळ होता. मुंबईचा पाऊस अरबी समुद्राकडून येतो, सह्याद्रीवर आपटतो आणि तिथेच बराचसा रिता होतो. आमचा पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांतून येतो. ओडिशा, छत्तीसगड, मग गोंदिया, भंडारा, नागपूर, म्हणजे साधारण हावडा-मुंबई मेलचा रस्ता, आणि वक्तशीरपणाही त्याच मेलचा. त्यामुळे मुंबईत धो धो कोसळतो आहे या बातमीचा सक्करदऱ्यात उपयोग एवढाच, की मुंबईच्या आत्याला फोन करून “काळजी घ्या” म्हणता येतं. आमचा पाऊस कळायला हवा असेल तर रायपूरचं हवामान ऐकावं. पण रायपूरला आमची आत्या नव्हती.

मग केबल आली.

१९९१ च्या आखाती युद्धाने परदेशी वाहिन्या भारतात दिसू लागल्या, १९९२ मध्ये झी आलं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सक्करदऱ्याचं आकाश काळ्या वायरींनी भरून गेलं. वायर गच्चीवरून कडुनिंबावर, कडुनिंबावरून विजेच्या खांबावर, खांबावरून पुढच्या गच्चीवर. बुधवार बाजारापासून तलावापर्यंत एकही झाड असं उरलं नाही, ज्याच्यातून क्रिकेटची मॅच गेली नाही. दर काही घरांमागे एक डबा टांगलेला असे. तो ॲम्प्लिफायर. आमच्या लाइनीचा केबलवाला या डब्याला पोटच्या पोरासारखा जपायचा. वीज कडाडली की डबा जळायचा, आणि जळला की खर्च त्याच्या खिशातून. म्हणून उमरेड रोडच्या बाजूला आभाळ काळं दिसायला लागलं की तो स्कूटरवर निघायचा आणि एकेक डबा बंद करत जायचा.

परिणामी सक्करदऱ्याला हवामानाचा असा अंदाज मिळू लागला जो त्याआधी आणि त्यानंतर कुणालाही जमलेला नाही. टीव्ही अचानक बंद पडला की पंधरा मिनिटांत वादळ. चूक नाही, ‘शक्यता’ नाही, ‘तुरळक’ नाही. पडदा काळा झाला की बायका न बोलता गच्चीवर धावायच्या. नंतर नंतर तर मालिका ऐन रंगात आली असताना केबल गेली तरी कुणी चिडत नसे. लोक आधी कुरडया उचलायचे आणि मग शिव्या द्यायचे.

केबलवाल्याची स्वतःची एक वाहिनीही होती. तिच्यावर दिवसा एक सिनेमा आणि रात्री तोच सिनेमा लागायचा. खाली पट्टी सरकायची. त्या पट्टीत साडीच्या दुकानाचा सेल, हरवलेला पोपट, नगरसेवकाचा वाढदिवस, ‘आज पाणी उशिरा येणार’ हे सगळं एका रांगेत. ‘पाणी उशिरा येणार’ म्हणजे नळाचं की आभाळातलं, यावर काही दिवस वाद झाले. नंतर लक्षात आलं, दोन्ही उशिराच येतं.

नव्या शतकात बातम्यांना पूर्ण दिवस मिळाला. ‘आज तक’ २००० च्या अखेरीस आलं, २००७ मध्ये ‘स्टार माझा’ आणि ‘झी २४ तास’ आले आणि ज्या हवामानाला अर्धं मिनिट मिळत होतं त्याला चोवीस तास मिळाले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसानंतर मुंबईचा पाऊस वाहिन्यांवर जो उतरला तो अजून ओसरलेला नाही. आज आमच्या गल्लीतल्या पाचवीतल्या पोराला हिंदमाता, मिलन सबवे आणि किंग्ज सर्कल कुठे तुंबतं ते पाठ आहे. लोहापुलाखाली पाणी साचलंय का, हे मात्र त्याच्या वडिलांची मोटारसायकल बंद पडल्यावर कळतं.

उन्हाळ्यातही तीच तऱ्हा. हवामान खात्याच्या नियमांप्रमाणे किनाऱ्यावर पारा ३७ च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला की उष्णतेची लाट. मैदानी भागात मर्यादा चाळीसची, आणि तिथेही सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त हवेत, नाहीतर पारा थेट ४५ ला तरी टेकायला हवा. मे महिन्यातली नागपूरची सरासरीच बेचाळीस-त्रेचाळीस. म्हणजे मुंबईत अडतीसला ‘मुंबई होरपळली’ असं लाल अक्षरांत येतं आणि त्याच दुपारी चव्वेचाळीसमध्ये पडद्यासमोर बसलेल्या नागपूरकराला शास्त्रानुसार कसलीही लाट आलेली नसते. तो फक्त मुंबईकरांसाठी हळहळतो. “कसे राहात असतील बिचारे,” म्हणून कूलरमध्ये आणखी एक बादली ओततो.

आमचा नंबर लागतो तो एकदाच. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एखादा वार्ताहर कॅमेरा घेऊन भरदुपारी दोनला रस्त्यावर येतो आणि डांबरावर पापड भाजतो. हे वार्षिक कृत्य आहे. असा एक प्रयोग भांडे प्लॉट चौकात मी जवळून पाहिला. पापड उडदाचा, विकतचा. वार्ताहराने तो रस्त्यावर ठेवला आणि तो कॅमेऱ्याकडे वळून ओरडू लागला. आवाज इतका टिपेचा की दुचाकीवाले अपघात झाला समजून थांबले. पापड पाच मिनिटं तसाच पडून होता. कडा किंचित वाकल्या, बस्स. सावलीत उभ्या असलेल्या एक काकू हे पाहत होत्या. त्यांना राहवलं नाही.

“अरे बाबा, तो भाजून नाही राह्यला, वाळून राह्यला. वाळलेलाच होता. आधी थोडं तेल लाव.”

“मॅडम, लाइव्ह आहे!”

“मग तर लवकर लाव.”

संध्याकाळी बातमीत पापड कुरकुरीत झालेला दाखवला. तो कुठे भाजला हे काकूंना ठाऊक होतं. समोरच्या हॉटेलच्या भट्टीवर.

तरीही या सगळ्या ओरड्याला एकदा निसर्गाची, निदान यंत्राची, साथ मिळाली होती. २९ मे २०२४ ला दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश नोंदवले. देशभर खळबळ. दुसऱ्याच दिवशी नागपुरातल्या रामदासपेठच्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले! दिल्लीला आम्ही चोवीस तासांत तीन अंशांनी मागे टाकलं. पृथ्वीवरचा आजवरचा उच्चांक कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या नावावर आहे, १९१३ चा, ५६.७ अंशांचा. म्हणजे फक्त शून्य पॉइंट सात कमी पडलं. त्या संध्याकाळी पानठेल्यावर चंद्रपूरचं नावही कुणी घेतलं नाही. पुढे हवामान खात्याने खुलासा केला की संवेदक बिघडला होता, आकडा चुकीचा आहे. सोनेगावच्या वेधशाळेचा पारा तर चाळिशीतच होता. लोकांना खुलासा मुळीच आवडला नाही. “ते मशीन सरकारी होतं ना? मग सरकारनं दाखवलेलं तापमान आपलं,” असा युक्तिवाद एका निवृत्त कारकुनांनी मांडला. त्याला अजून समर्पक उत्तर मिळालेलं नाही.

जुन्या हवामानासाठी हळहळणारे फक्त आपणच आहोत असा माझा समज होता. तो माझ्या न्यू जर्सीच्या मावसभावाने खोडून काढला. आपल्याकडे रंगीत टीव्ही आला त्याच १९८२ मध्ये, २ मे रोजी, अमेरिकेत ‘द वेदर चॅनल’ सुरू झालं. दिवसरात्र फक्त हवामान. दर दहा मिनिटांनी तुमच्या गावचा अंदाज आणि त्यामागे मंद वाद्यसंगीत. त्या अंदाजापुरता निवेदक नाही, आरडाओरड नाही, निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. पुढे त्या वाहिनीला वाटलं, नुसतं हवामान कोण बघणार? मग सिनेमे आले, रिॲलिटी मालिका आल्या. हिवाळी वादळांना तर तिने २०१२ पासून स्वतःच नावं ठेवायला सुरुवात केली. २०१४ च्या जानेवारीत पैशांच्या वादातून डायरेक्टटीव्ही या उपग्रह सेवेवरून ही वाहिनी दिसेनाशी झाली. हवामानाच्या वाहिनीवर हवामानच दिसत नाही, अशी तक्रार तेव्हा उघड झाली. एप्रिलमध्ये ती परत आली ती रिॲलिटी मालिका निम्म्याने कमी करण्याचं कबूल करून. आज तिथली काही मंडळी १९९० च्या दशकातला तो निळा पडदा संगणकावर हुबेहूब चालवून बघतात, त्याच अक्षरांत, त्याच संगीतासह. मावसभाऊ रात्री जेवताना तो लावतो. “बघतोस काय त्यात?” म्हटलं. तो म्हणाला, “काही नाही रे. कुणी ओरडत नाही.”

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, माणसं दगावली. अशा रात्री अर्ध्या मिनिटाचं ‘तुरळक’ कुणाच्या कामाचं नसतं. सोनेगावच्या डॉप्लर रडारला ढग बोटाच्या रुंदीपेक्षा बारीक दिसतो. वीज कुठे पडणार हे सांगणारं पुण्याच्या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप रानात काम करणाऱ्या बाईचा जीव वाचवू शकतं. हवामान खात्याने शेतकऱ्यांसाठी २०१९ मध्ये आणलेल्या ॲपचं नाव तर ‘मेघदूत’ आहे, आणि परंपरेने पाहिलं तर तो विषय आमच्याच जिल्ह्याचा. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर, म्हणजे इथून तासाभरावरच्या रामटेकवर बसला होता असं मानतात. ढग पुढे कुठल्या रस्त्याने जाणार याचा विदर्भातून प्रसारित झालेला पहिला सविस्तर अंदाज त्याचाच. नर्मदा, विदिशा, उज्जयिनी, सगळी स्थानकं दिली आहेत. पण त्यानेही ढगाला ‘रेड अलर्ट’ म्हटलं नाही.

जुनं बातमीपत्र अचूक होतं असं म्हणायची माझी छाती नाही. ते बरंच चुकायचं. त्याचा मोठेपणा असा, की त्याला थांबता येत होतं. माहीत होतं तेवढं सांगायचं, नमस्कार करायचा, जायचं. उरलेलं काम आजीचा गुडघा, कूलरची खस आणि समोरच्या काकू यांच्यावर सोडलेलं असे. अंदाज चुकला तर तो सगळ्या मोहल्ल्याचा मिळून चुकलेला असायचा. आता मोबाइलमध्ये प्रत्येकाचं स्वतंत्र तापमान आहे. माझ्या फोनवर ४३, मुलाच्या फोनवर ४४, जावयाच्या गाडीत ४७. तिघंही खरे. वाद घालायलासुद्धा समान मुद्दा उरला नाही.

दरम्यान केबलही बदलली. ३१ मार्च २०१३ ही नागपूरसाठी सेट-टॉप बॉक्सची मुदत होती. काळ्या वायरी राहिल्या, पण आत आकडे वाहू लागले. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवा नियम आला. तेव्हा दर महिन्याला १३० रुपये अधिक कर या दराने शंभर वाहिन्या होत्या, आणि पैशांच्या वाहिन्या ज्याने त्याने निवडायच्या होत्या. आमच्या बाबांना ती यादी वाचायला दिली तेव्हा त्यांनी भिंग घेऊन शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, “यात हवामानाचं कोणतं?” त्यांना २०१५ पासून सुरू झालेलं डीडी किसान लावून दिलं. तिथे हवामान शांतपणे सांगतात. बाबा खूश झाले, बोट घेऊन पडद्याजवळ गेले. पडदा आता त्रेचाळीस इंची, त्यामुळे बोटाखाली बैतूल आलं नाही. त्यांना जरा चुकल्यासारखं झालं.

काही घरांनी केबल सोडून गच्चीवर डीटीएचची छत्री बसवली. या छत्रीचा गुण असा, की पावसात ती चालत नाही. या सेवेच्या लहरी फार आखूड असतात. पावसाचे थेंब त्या अडवतात, शोषतात, आणि मुसळधार सरी आल्या की पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ एवढंच राहतं. म्हणजे पाऊस पडेल असं दिवसभर सांगायचं आणि पडला की गप्प व्हायचं. त्यात आमची लाइट पहिल्या थेंबाला जाते. इतक्या वर्षांत तंत्रज्ञान कुठून कुठे गेलं, पण सक्करदऱ्यात बाहेर खरोखरचं हवामान असताना टीव्हीवर हवामान कुणीही पाहिलेलं नाही.

यावर तोडगा म्हणून मी आमच्या केबलवाल्याला एक योजना सांगितली. सक्करदऱ्यासाठी एक वाहिनी काढ. रोज संध्याकाळी सातला दोन मिनिटं. एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, मागे न हलणारा नकाशा. त्याने सांगायचं, उद्या उमरेड रोडकडून ढग येतील. चीक शिजवू नये. शिजवलाच असेल तर गच्चीवर कुणी तरी बसून राहावं, आणि ते सून असावं की सासू यावर वाहिनी मत देणार नाही. कूलर चिकट वारा देऊ लागल्यास तो बंद करावा. शाळेची छत्री दप्तरात राहू द्यावी, ती शाळेत विसरली जाईलच. नमस्कार. आणि वाहिनी बंद.

केबलवाल्याने मन लावून ऐकलं. मग हिशेब केला. “भाऊ, दोन मिनिटं तर झाली. बाकीचे तेवीस तास अठ्ठावन्न मिनिटं काय दाखवू?”

“काही नको. पडदा काळा ठेव.”

त्याला काही अडचण दिसली नाही. “चालते ना. पॅकमध्ये तशे लय चॅनल पडून आहेत, कोणी लावतबी नाही. त्याच्यात एक तुमचा टाकून देतो.”